मुदत कोणत्या दिवसापासून?

मोडलेले हाड तत्काळ कळते. फुप्फुसात साचणारी धूळ मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. ब्रिटनमध्ये ओतीव पोलाद घासून साफ करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ अशीच साचली. त्यांचा कार्टलेज खटला 1963 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. आजार लक्षात येण्यापूर्वीच दाव्याची 6 वर्षांची मुदत संपली होती, असा निकाल न्यायमूर्तींना द्यावा लागला. असा कायदा अन्यायकारक असल्याचे त्यांनीही मान्य केले. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला.

आज इंग्लंड व वेल्समध्ये 1980 च्या मुदत कायद्यानुसार अशा दाव्यांना सर्वसाधारणपणे 3 वर्षे मिळतात. इजा गंभीर असून ती कामामुळे झाली, हे कामगाराला उशिरा कळले, तर ते कळल्याच्या किंवा कळायला हवे होते त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. त्यानंतरही योग्य कारण असल्यास न्यायालय सवलत देऊ शकते. पण ती हक्काने मागता येत नाही.

हा हक्क त्या कामगारांच्या पराभवातून मिळाला, याचे स्मरण आम्ही ठेवतो. गोदामांत, कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या बांधवांना आमची एकच विनंती: डॉक्टरांनी आजाराचा संबंध कामाशी जोडला, ती तारीख लिहून ठेवा.