भंडाऱ्यातला एक बाद अर्ज

१९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. पण ती पोटनिवडणूक मुळात लागली का? त्याचं एक मोठं कारण म्हणजे छाननीत बाद झालेला एक उमेदवारी अर्ज.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. तो बाद झाला, कारण ते महानुभाव पंथात गेलेले होते. पंथ जातिभेद मानत नाही, मग पंथातला माणूस महार कसा, असा तो तर्क! म्हणजे जात न मानणाऱ्या पंथात गेल्याची शिक्षा म्हणून राखीव जागेचा हक्कच गेला. निवडून आले काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे.

एका मतदाराने निकालाला आव्हान दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्र लिहिलं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे मला त्यातली पद्धत फार आवडते. त्यांनी नुसतं 'पंथ काय सांगतो' एवढंच पाहिलं नाही. तीन गोष्टी तपासल्या: जुना समाज त्या माणसाला आपला मानतो का, त्याचा स्वतःचा इरादा काय, आणि नव्या पंथाचे नियम काय. उत्तर आलं की ठवरे महारच राहिले होते, अर्ज चुकीने बाद झाला. जसानींचं प्रकरण वेगळं. ते भागीदार असलेली विडी कंपनी सरकारला विड्या पुरवत होती, म्हणून ते अपात्र ठरले. (भंडाऱ्याच्या राजकारणात विडी येणार नाही तर काय!) दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले.

आता आजचं बघू. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्ष किंवा मान्यता नसलेल्या छोट्या पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात. हा नियम १९९६ मधला. त्याच वर्षी बेळगावात सीमाप्रश्नावर निषेध म्हणून उमेदवारांची रांग लागली होती, एका लोकसभा जागेसाठी ४५६ जण! तोवर ५०० रुपये असलेली अनामत आधी १०,००० आणि २०१० पासून २५,००० झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. गर्दी कमी करायची हे ठीक, पण मला वाटतं यात हौशी उमेदवारापेक्षा गरीब उमेदवार आधी गळतो.

आणि अर्ज चुकीने बाद झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच पोन्नुस्वामी खटल्यात सांगून ठेवलंय की मध्येच कोर्टात जाता येत नाही. आधी निवडणूक होऊ द्यायची, मग याचिका. ठवरेंना न्याय मिळाला तो मतदान होऊन दोन वर्षं उलटल्यावर. आजही रस्ता तोच आहे.