किंचाळी आणि त्यानंतरची बारा वर्षं : अ‍ॅबी लिंकनची गोष्ट

या भागाचा हा लेखी अवतार. ऐकलाय त्यांनीही वाचा, कारण बोलताना माझं थोडं राहून गेलं होतं.

सुरुवात एका ड्रेसपासून करते. १९५६ साली हॉलिवूडचा 'द गर्ल कान्ट हेल्प इट' नावाचा सिनेमा आला. त्यात सव्वीस वर्षांची एक काळी गायिका अंगाला घट्ट बसणारा ड्रेस घालून येते, गाणं म्हणते आणि जाते. तो ड्रेस आधी मर्लिन मन्रोनं एका सिनेमात घातलेला. झालं, जाहिरातीला मसाला मिळाला. पुढच्या वर्षी त्याच ड्रेसमध्ये ती 'एबनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. आणि मग काही दिवसांनी तिनं तो ड्रेस कचरा जाळायच्या भट्टीत टाकला. हे तिनंच नंतर मुलाखतींत सांगितलंय.

ती म्हणजे अ‍ॅबी लिंकन. खरं नाव अ‍ॅना मरी वुलड्रिज. जन्म १९३० चा, शिकागोतला. बारा भावंडांतली दहावी. वाढली मिशिगनमधल्या खेड्यात, घरातल्या पियानोवर आपल्या आपण सूर शोधत. आधी क्लबमध्ये गाताना तिचं नाव होतं गॅबी ली. 'अ‍ॅबी लिंकन' हे नाव दिलं तिच्या मॅनेजरनं, गीतकार बॉब रसेलनं. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतली अ‍ॅबी आणि अब्राहम लिंकनमधला लिंकन. नाव दुसऱ्यानं ठेवलेलं, ड्रेस दुसरीचा आणि गाणी तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेली, बहुतेक वेळा तिला छळणाऱ्या पुरुषावर प्रेम करणाऱ्या बाईची. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यातलं एकेक परत करण्याची आहे.

१९५७ साली 'दॅट्स हिम' हा अल्बम आला. त्यात ड्रमवर मॅक्स रोच. बीबॉप म्हणजे काय हे ज्यांनी घडवलं त्यातला हा माणूस. त्याच्या संगतीत ती निराळ्या लोकांत वावरायला लागली, केस सरळ करणं सोडून दिलं, आणि मुख्य म्हणजे कुठलं गाणं म्हणायचं हे स्वतः ठरवायला लागली.

आता १९६०. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य झालं ते वर्ष. तिकडे फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठेचनात. त्याच वर्षी रोचनं 'वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट' रेकॉर्ड केलं. शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे, आवाज अ‍ॅबीचा. कव्हरवर तसाच काउंटर आणि तिथं बसलेले काळे तरुण.

यात 'ट्रिप्टिक' नावाचा तुकडा आहे. फक्त ड्रम आणि आवाज, शब्द एकही नाही. तीन भाग : प्रार्थना, निषेध, शांती. मधल्या भागात अ‍ॅबी मिनिटभराहून जास्त वेळ किंचाळते. अक्षरशः. मी पहिल्यांदा ऐकलं ते विरार लोकलमध्ये, इअरफोन लावून. शेजारच्या काकू दचकून माझ्या फोनकडे बघायला लागल्या आणि मी घाईघाईनं बंद केलं. परत लावायला मला दोन महिने लागले. दुसऱ्यांदा ऐकताना कळलं की तो बेताल आरडाओरडा नाही. ड्रमच्या प्रत्येक वळणाला तिच्याकडे उत्तर आहे. १९६४ चं बेल्जियन टीव्हीवरचं सादरीकरण यूट्यूबवर सापडतं. तिचा चेहरा बघत ऐका.

१९६१ साली तिचा स्वतःचा अल्बम आला, 'स्ट्रेट अहेड'. सोबत कोलमन हॉकिन्स, एरिक डॉल्फी, बुकर लिटल. यात तिनं थेलोनियस मंकच्या 'ब्लू मंक' या धूनवर स्वतःचे शब्द बसवले. ती सांगायची, मंक स्टुडिओत आला होता आणि जाताना कानात म्हणाला, इतकं परफेक्ट गाऊ नकोस. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. अर्थ कळायला वेळ लागला.

'डाउन बीट' मासिकात समीक्षक आयरा गिटलरनं या अल्बमला झोडपलं. सुरांबद्दल तक्रार होतीच, पण खरा राग वेगळा : ही काळेपणाचं भांडवल करते, असा सूर. पुढच्या वर्षी त्याच मासिकानं चर्चा घडवून आणली, आणि अ‍ॅबी व रोच त्या गिटलरसमोर बसून बोलले. माझं मत? सूर कधीकधी खाली घसरतो, खोटं कशाला बोला. पण तेच घसरणं म्हातारपणी लोकांनी डोक्यावर घेतलं. कान तेच होते, काळ बदलला होता.

किंमत मात्र लगेच मोजावी लागली. 'स्ट्रेट अहेड'नंतर तिच्या नावाचा पुढचा अल्बम यायला बारा वर्षं लागली, आणि तोही जपानमध्ये रेकॉर्ड झाला. मधल्या काळात तिनं सिनेमे केले. १९६४ चा 'नथिंग बट अ मॅन' चुकवू नका. १९६८ मध्ये सिडनी पॉइटियरसोबत 'फॉर लव्ह ऑफ आयव्ही'. १९६२ मध्ये रोचशी लग्न, १९७० मध्ये घटस्फोट. मग कॅलिफोर्नियात, गॅरेजवरच्या छोट्या घरात राहणं, आईची देखभाल, कॉलेजात नाटक शिकवणं. मिरियम मकेबासोबत आफ्रिकेत गेली, तिथं तिला दोन नावं मिळाली : अमिनाटा आणि मोसेका. हीसुद्धा दुसऱ्यांनीच दिलेली, पण ती तिनं मिरवली.

आणि याच आडबाजूच्या वर्षांत ती संगीतकार झाली. मला जे म्हणायचंय ते कुणी लिहून देत नाही, मग मीच लिहिते, इतका साधा हिशोब. जपानमधल्या त्या अल्बमचं नावही तिच्याच गाण्याचं, 'पीपल इन मी'.

१९९० साली, साठीत, एका फ्रेंच निर्मात्याच्या आग्रहामुळे मोठ्या कंपनीचं दार उघडलं. 'द वर्ल्ड इज फॉलिंग डाउन' आला. पुढच्या वर्षी 'यू गॉटा पे द बँड', त्यात सॅक्सोफोनवर स्टॅन गेट्झ. तो तेव्हा कॅन्सरनं आजारी होता, काही महिन्यांतच गेला. यातलं 'बर्ड अलोन' तिचं स्वतःचं. आता हॉल भरायला लागले. लोक यायचे ते तिनं लिहिलेली गाणी ऐकायला.

२००७ मध्ये 'अ‍ॅबी सिंग्ज अ‍ॅबी' आला, शहात्तराव्या वर्षी. जवळजवळ सगळी गाणी तिची, साथीला अकॉर्डियन आणि पेडल स्टील गिटार. २०१० च्या ऑगस्टमध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली.

त्या शेवटच्या अल्बममध्ये 'ब्लू मंक' पुन्हा आहे. तर या आठवड्याचा गृहपाठ असा : १९६१ चं आणि २००७ चं, दोन्ही पाठोपाठ लावा. दुसऱ्यात आवाज चिरलेला आहे, दम कमी आहे, शब्द ती जवळजवळ बोलतेच. मंक जाताना काय म्हणाला होता, ते तिथं ऐकू येतं.