मोत्यांच्या जागी साखर : १९१३ ची एक टपालचोरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनीच मला जुन्या नाण्यांचा नाद लावला. आजचा विषयही त्याच नादातून निघाला आहे. तरुणपणी मी तीन गायकवाडी नाणी परगावच्या एका जाणत्या स्नेह्याकडे पाहण्यासाठी धाडली होती. त्याने ती रजिस्टर टपालाने परत केली. पाकिटावरची लाख शाबूत होती, आत मात्र तेवढ्याच वजनाच्या लोखंडी चकत्या निघाल्या. मोहोर अभंग, म्हणजे लबाडी पाठविणाऱ्याची, असा निवाडा मी पाच मिनिटांत केला आणि त्याला पुन्हा पत्र लिहिले नाही.

कित्येक वर्षांनी लंडनमधील एका खटल्याची हकीकत वाचनात आली. मॅक्स मेयर हे हॅटन गार्डनमधील जवाहिरे. त्यांच्या गुलाबी छटेच्या मोत्यांच्या कंठ्याची किंमत सुमारे दीड लाख पौंड. ज्या बडोद्यात खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करविला, तेथे मोत्यांचे मोल मी काय सांगावे? शिवाय मानवी प्रयत्नाने वाढविलेले गोल मोती तेव्हा बाजारात यावयाचे होते, हेही लक्षात घ्यावे. जुलै १९१३ मध्ये पॅरिसच्या आडत्याने हा कंठा रजिस्टर टपालाने लंडनला परत पाठविला. एवढा ऐवज टपालाने? पण तेव्हाची ती रीतच होती. जगातील सर्वांत मोठा कलिनन हिरा १९०५ साली दक्षिण आफ्रिकेतून साध्या रजिस्टर टपालानेच लंडनला आला. बोटीवर पहारेकऱ्यांच्या गराड्यात होता तो नकली दगड. आपल्याकडचे व्यापारी अधिक सावध म्हणावेत. ते नोटेचे दोन तुकडे करीत आणि पहिला पोहोचल्याची खबर आली की दुसरा धाडीत.

१६ जुलैच्या सकाळी मेयर यांनी पुडके उघडले. ‘एम एम’ या मोहोरा जागच्या जागी होत्या. आत फ्रेंच वर्तमानपत्राच्या कागदात साखरेचे खडे होते! साखर फ्रेंच, कागद फ्रेंच, मोहोर अभंग. तेव्हा चोरी फ्रान्समध्येच झाली असावी, असे साहजिकच वाटू लागले. पॅरिसमधील प्रामाणिक माणसांवर संशयाची छाया पडली. चोरांना हवे होते ते नेमके हेच.

वस्तुतः सारा बेत हॅटन गार्डनमध्येच शिजला होता. जोसेफ ग्रिझार्ड हा त्याचा सूत्रधार. त्याचा साथीदार सिल्व्हरमन याने मेयर यांच्या पेढीजवळच एक खोली भाड्याने घेतली आणि मेयर यांच्या मोहोरेसारखी दुसरी मोहोर कोरून घेण्यात आली. लंडनमधील वाटपाच्या अखेरच्या टप्प्यात पुडके थोडा वेळ वाटेवरून बाजूला गेले, उघडले गेले, पुन्हा लाखबंद झाले. मोडी कागद हाताळणाऱ्याला यात नवल वाटू नये. शिक्का आणि मोर्तब दोन्ही असलेले बनावट कागद आपल्या दप्तरांतही सापडतात. पण मला तरी ही गोष्ट नाण्यांच्या वेळी सुचली नाही.

विमेकऱ्यांनी १०,००० पौंडांचे बक्षीस लावले आणि त्या लोभाने टोळीच्या ओळखीचेच दोघे फुटले. गिऱ्हाइकांचे सोंग घेऊन त्यांनी काही मोती विकतही घेतले. २ सप्टेंबर रोजी ब्रिटिश म्युझियम या भुयारी रेल्वेस्थानकावर स्कॉटलंड यार्डने टोळीला पकडले, पण कंठा त्यांच्याजवळ नव्हता. पुढे दोन आठवड्यांनी उत्तर लंडनमध्ये रस्त्याच्या कडेच्या गटारात एका कारागिराला काड्यापेटी सापडली. आतले मणी खोटे समजून त्याने ते पोलिसांकडे नेऊन दिले. नोव्हेंबरात ग्रिझार्ड व लॉकेट यांना सात वर्षांची, सिल्व्हरमनला पाच वर्षांची आणि गुटविर्थला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. या चौघांत टपाल खात्याचा कोणी नव्हता. वाटेत पुडके कोणी हाती दिले, त्याची शिक्षा कोणाला झाली नाही.

हे वाचून झाल्यावर मी त्या स्नेह्याच्या गावी गेलो. तो चार वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या मुलाने मला चहा दिला आणि वडील आपली आठवण काढीत, असे सांगितले. कशासाठी आलो, ते मला त्याला सांगता आले नाही. त्या तीन लोखंडी चकत्या अजून माझ्या नाण्यांच्या पेटीत आहेत.