महारोग्याचा जबाब
१८९७ साली बर्लिन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेत वैद्यांनी संसर्ग रोखण्यासाठी रुग्णांच्या विलगीकरणाची शिफारस केली, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कंगाल महारोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा जारी केला; ज्याच्या देहाविषयी हा हुकूम सुटला, त्याचा जबाब मात्र दफ्तरी आला नाही. नागपूरनजीकच्या वर्धा-वरोऱ्याच्या मुलखात निराळी परंपरा रुजली. सेवाग्रामी आश्रयास आलेल्या संस्कृत पंडित परचुरेशास्त्र्यांच्या रोगजर्जर अंगाचे मर्दन गांधीजी स्वहस्ते करीत. १९४९ साली बाबा आमट्यांनी वसविलेल्या आनंदवनात तर रुग्णच विहीर खणू लागले, शेत पिकवू लागले. महारोग्यांना कोंडणारा तो कायदा अखेर २०१६ साली रद्द झाला. आता नागपुरी भरणाऱ्या वैद्यकीय परिषदांनी संसर्गप्रतिबंधाचा मसुदा करताना रुग्णास सभासदाचे आसन द्यावे, असा या इतिहासाचा तगादा आहे.