एका दगडात तीन धातू: ब्रोकन हिलची गोष्ट

मागच्या महिन्यात एका मित्राने रात्री साडेअकराला मला एक पीडीएफ पाठवली. एका खाण कंपनीचं प्रेझेंटेशन. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत: चांदी, शिसं, जस्त, तांबं, थोडं सोनं. खाली त्याचा मेसेज, "एकाचा भाव पडला तर दुसरा सावरेल ना रे? घेऊ का?" वर्षभराचा बोनस एका झटक्यात टाकायच्या बेतात होता पठ्ठ्या. मी काही गुंतवणूक सल्लागार नाही. म्हणून उत्तराऐवजी मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

सप्टेंबर 1883. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सच्या पार पश्चिमेला माउंट गिप्स नावाचं मेंढ्यांचं प्रचंड मोठं रान. तिथे चार्ल्स रास्प नावाचा जर्मन माणूस कामाला होता. काम काय, तर घोड्यावर बसून हद्दीवर फिरायचं. एका काळपट, ओबडधोबड टेकडीवरचे दगड बघून त्याला वाटलं, हे कथील असणार. त्याने आणि दोन जोडीदारांनी जागेवर खुंट्या ठोकल्या. मॅनेजर जॉर्ज मॅकलक याला कळल्यावर रानातल्याच सात जणांनी मिळून भागीदारी केली.

पहिल्या चाचणीत कथील निघालंच नाही. शिसं निघालं, आणि चांदी अगदी थोडी. सातांपैकी काहींचा धीर सुटला. सिडनी किडमन नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने दहा बैल देऊन चौदावा हिस्सा घेतला आणि पुढे थोडक्या नफ्यात विकूनही टाकला. तेवढाच आणखी एक हिस्सा शंभर पौंडांना द्यायचा की एकशे वीसला, हे मॅकलकने पत्त्यांच्या डावावर ठरवलं अशी गोष्ट सांगतात. तो हरला, आणि हिस्सा शंभराला गेला. मग टेकडीत श्रीमंत चांदी सापडली. ऑगस्ट 1885 मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी उभी राहिली. हो, तीच. आजची बीएचपी. 1888 च्या तेजीत तिचा एक शेअर 400 पौंडांच्या वर गेला. त्या दहा बैलांचा हिशोब तुम्हीच करा.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. कारण ब्रोकन हिलच्या दगडात एक नाही, तीन धातू होते: चांदी, शिसं आणि जस्त. कागदावर बघितलं तर सुरक्षितच की!

आणि इथे गोष्ट थेट आपल्या मुंबईत येते. तेव्हा भारताचं चलन चांदीचं. कोणीही व्यापारी चांदी घेऊन फोर्टातल्या टांकसाळीत जायचा आणि त्याचे रुपये पाडून घ्यायचा. जगात कुठेही चांदी जास्त झाली तरी ती गिळायला मुंबई आणि कलकत्ता बसलेलेच. पण 1870 नंतर जर्मनीसारखे देश सोन्याच्या चलनाकडे वळले आणि चांदी घसरत गेली. ब्रोकन हिलची चांदी त्यात भरच घालत होती. भारत सरकारला लंडनचे देणे सोन्याच्या भावाने चुकवावे लागत होते आणि रुपया दरवर्षी आणखी हलका होत होता. शेवटी 26 जून 1893 ला सरकारने टांकसाळींचे दरवाजे लोकांच्या चांदीसाठी बंद केले. लंडनमध्ये काही दिवसांतच चांदीचा भाव जवळपास पाचव्या हिश्श्याने कोसळला. मुंबईत एक दार बंद झालं आणि हजारो मैलांवरच्या त्या टेकडीला धक्का बसला.

मग शिशाने सावरलं का? नाही. जगभर मंदी होती, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बँका पटापट बंद पडत होत्या, आणि शिशाचाही भाव मेलेलाच होता. धातू दोन, पण गिऱ्हाईक त्याच मंदीत सापडलेलं. खाणीत आधीच वातावरण तापलेलं होतं. 1892 मध्ये मोठा संप झाला, तो मोडला गेला, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. भट्ट्यांवरच्या कामगारांना शिशाची विषबाधा व्हायची, ती वेगळीच. शेअरच्या भावाच्या गोष्टीत ही माणसं कधी दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

राहिला तिसरा धातू, जस्त. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग! वरच्या थरातला दगड मऊ, भट्टीत टाकला की शिसं आणि चांदी मोकळी. पण खाली गेल्यावर शिसं आणि जस्त एकमेकांत इतकं घट्ट मिसळलेलं की जुन्या पद्धतीने नीट वेगळंच होईना. जस्त म्हणजे डोकेदुखी. ते चोथ्याबरोबर खाणीबाहेर टाकून द्यायचे. वर्षानुवर्षं टाकलं. त्या चोथ्याचे डोंगर झाले, लाखो टनांचे. कंपनीकडे जस्त नव्हतं असं नाही. होतं, ढिगाने होतं, आणि त्याची किंमत शून्य होती.

1900 नंतर तोडगा निघाला, तोही फेसातून. दगड बारीक दळायचा, गरम आम्लाच्या पाण्यात घालायचा, बुडबुडे उठले की धातूचे कण त्यांना चिकटून वर येतात आणि निव्वळ दगड तळाशी बसतो. याला फ्लोटेशन म्हणतात. यावर डोकं लावणाऱ्यांत बीएचपीचा डच मॅनेजर डेलप्रॅट होता, आणि मेलबर्नचे दोन जण होते, पॉटर आणि द बावे. दोघेही बिअर बनवणारे! फेसाचा अभ्यास दुसरं कोण करणार?

मग 1905 मध्ये झिंक कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. तिचा धंदा एकच: दुसऱ्यांनी टाकलेला चोथा विकत घ्यायचा आणि त्यातून जस्त काढायचं. स्थापनेत हर्बर्ट हूवर होता, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. सुरुवातीची काही वर्षं पद्धत नीट चालेना, कंपनी गाळात जायच्या बेतात होती. पण मग जमलं. हीच कंपनी पुढे विलीनीकरणं होत होत 1962 मध्ये रिओ टिंटोच्या कुटुंबात गेली. म्हणजे आजच्या जगातल्या दोन महाकाय खाण कंपन्यांची मुळं एकाच टेकडीत आहेत, आणि त्यातल्या एकीची मुळं चक्क कचऱ्यात.

बीएचपीचं काय झालं? शिशाच्या भट्टीत मिसळायला लोहखनिज लागतं, म्हणून तिने दक्षिण ऑस्ट्रेलियात आयर्न नॉब नावाची लोखंडाची टेकडी घेऊन ठेवली होती. निव्वळ भट्टीची गरज. ब्रोकन हिलमधला आपला दगड संपत चालल्याचं दिसल्यावर डेलप्रॅटने त्याच लोखंडावर पोलादाचा डाव मांडला आणि 1915 मध्ये न्यूकॅसलचा कारखाना सुरू झाला. 1939 मध्ये बीएचपीने ब्रोकन हिल सोडलं. जिच्या नावात ती टेकडी आहे, ती कंपनी टेकडी सोडून जगली. माझ्या मते खरा आधार तिला त्या तीन धातूंनी दिलाच नाही. तो दिला शेकडो किलोमीटर लांबच्या दुसऱ्या खाणीने, दुसऱ्या गिऱ्हाइकाने.

तर मित्राची पीडीएफ. त्यात "सिल्व्हर इक्विव्हॅलंट" नावाचा एक मोठा आकडा होता. म्हणजे सगळ्या धातूंची किंमत काढायची, तिला चांदीच्या भावाने भागायचं आणि सांगायचं, बघा आमच्याकडे इतकी चांदी आहे. यात प्रत्येक धातू किती टक्के सुटून हातात येणार हे धरलेलं असतं, आणि ते धरलेलं बहुतेक वेळा बारीक अक्षरांत असतं. मी त्याला तीन गोष्टी शोधायला सांगितल्या. जस्त खरंच वेगळं करून दाखवलंय की फक्त जमिनीत आहे? हे पाच धातू पाच खाणींतले की एकाच खड्ड्यातले? आणि ते विकत घेणारे कोण?

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "अरे, सगळं एकाच खड्ड्यात आहे. आणि टक्केवारीच्या पानावर जस्तापुढे लिहिलंय, चाचणी सुरू."

"मग?"

"बोनस अजून बँकेतच आहे," म्हणाला.

पुढच्या भागात राजस्थानातलं जावर. ब्रोकन हिलच्या कितीतरी शतकं आधी तिथल्या लोकांनी मातीच्या नळ्यांतून जस्त कसं काढलं, ते बघू. भेटूच!