फासे मंतरलेले नव्हते

द्यूतसभा म्हटली, की हातात फासे चोळणारा शकुनी डोळ्यांपुढे येतो. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत गुफी पेंटल यांनी तो असा उभा केला, की व्यासांचा शकुनी त्याच्यामागे झाकला गेला. जोडीला लोककथा आहेच: ते फासे बापाच्या हाडांचे, म्हणून शकुनीचंच ऐकणारे. त्यातून एक मत रुजलं, की फासे साधे असते तर धर्मराज हरला नसता. हे मत चुकीचं आहे आणि घातकही आहे.

पूर्वपक्षाजवळ पुरावा नाही असं नव्हे. शकुनीने कपटाचा आश्रय घेऊन ‘जिंकलं’ म्हटल्याचं सभापर्वात पुन्हापुन्हा येतं. पण हाडांच्या फाशांची कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत नाही, आणि कपट नेमकं कोणतं हेही तिथे सांगितलेलं नाही. उलट, युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे पण खेळता येत नाही, हे शकुनी दुर्योधनाला आधीच सांगतो. पुढे सभेत युधिष्ठिर कपटाला पाप म्हणतो, तेव्हा शकुनीचं उत्तर बिनतोड आहे. विद्वान अविद्वानापुढे जातो तोही वरचढ ठरायलाच, त्याला लोक कपट म्हणत नाहीत. भीती वाटत असेल तर खेळू नकोस. परतीची वाट अशी उघडी होती. बोलावल्यावर मी माघार घेत नाही, असं म्हणून युधिष्ठिरानेच ती बंद केली.

याहून मोठी साक्ष वनपर्वात आहे आणि ती खुद्द युधिष्ठिराची. भीमाजवळ तो कबूल करतो, की दुर्योधनाचं राज्य घ्यावं या इच्छेनेच मी फाशांना हात घातला. सम-विषम दान शकुनीला हवं तसं पडताना दिसत होतं, तेव्हाच मन आवरता आलं असतं. पण संतापाने धीर घालवला. याच बोलण्यात तो शकुनीला मायावी म्हणतो, तरी सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळा होत नाही. त्याला मोकळं आपण केलं.

हे घातक अशासाठी, की हरलेल्या प्रत्येकाला नेमकं हेच ऐकायचं असतं. मुंबईचा मटका घ्या. ०० ते ९९ अशा शंभर जोड्या, आणि जोडी लागली तर रुपयाला साधारण नव्वद. पत्ते चारचौघांत, अगदी सचोटीने काढले तरी शंभरातले सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याकडे राहणारच. त्याला कपट करायची गरजच नाही. पण आपल्याला फसवलं गेलं अशी ज्याची खात्री पटते, तो खेळ सोडत नाही, फक्त सरळ माणसाचा अड्डा शोधतो.

‘महाभारतात मंतरलेले फासे आहेतच की,’ असं म्हणणाऱ्यांनी नलोपाख्यान काढून बघावं. तिथे फाशांत खरोखर द्वापर शिरलेला आहे आणि नलाच्या अंगात कली. पण उतारा म्हणून कोणी मांत्रिक येत नाही. ऋतुपर्ण राजा वाटेत बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून सांगतो, नल झाड तोडून ती मोजणी पडताळतो आणि मग राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून घेतो. ती मिळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. वनात ही कथा सांगून झाल्यावर बृहदश्व ऋषी तीच विद्या युधिष्ठिराला देतात, कारण पुन्हा कोणी जाणकाराने खेळायला बोलावलं तर काय, या धास्तीत तो असतो.