स्केचपासून सॉलिडपर्यंत: यंत्रणेच्या रेखाटनातून घन भाग कसे तयार होतात?

संगणकावर यंत्रणा आखताना पहिली पायरी सपाट रेखाटनाची असते. कोणती दांडी किती लांब, कोणता सांधा कुठे, कोणता भाग फिरणार आणि कोणता स्थिर राहणार हे सगळे आधी साध्या रेघांनी ठरते. कारखान्यात मात्र रेघ बनवता येत नाही. तिला जाडी लागते, भोके लागतात, कडा लागतात. सपाट बाह्यरेषेला जाडी देऊन त्रिमितीय भाग तयार करण्याच्या या प्रक्रियेला कॅड सॉफ्टवेअरच्या भाषेत स्केचमधून सॉलिड बनवणे म्हणतात. फ्रीकॅड, सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर अशा बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये आज काम याच क्रमाने चालते.

थोडी पार्श्वभूमी

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली. प्रकाश-लेखणीने थेट पडद्यावर रेघा काढायच्या, आणि ‘या दोन रेघा समांतर ठेव’, ‘ही लांबी एवढीच राहू दे’ अशा अटी संगणकाला सांगायच्या, ही तिची कल्पना होती. सांधलेल्या दांड्यांची हलती यंत्रणा पडद्यावर दाखवणे हा तिच्या उपयोगांपैकी एक होता. आजच्या स्केचमध्ये ज्यांना कन्स्ट्रेंट किंवा बंधने म्हणतात, त्यांची ही सुरुवात होती.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘प्रो-इंजिनिअर’ने मापे बदलली की संपूर्ण घन भाग आपोआप बदलेल अशी पद्धत उद्योगात रुजवली. १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने ती साध्या विंडोज संगणकावर आणली. फ्रीकॅड हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर असून त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

उदाहरण: चार दांड्यांची यंत्रणा

गाडीच्या वायपरमध्ये मोटर एकाच दिशेने गोल फिरत राहते, पण वायपर मात्र पुढे-मागे झुलतो. हा बदल घडवणारी सर्वांत साधी यंत्रणा चार दांड्यांची असते. स्थिर चौकट, पूर्ण फिरणारी क्रँक, झुलणारा रॉकर आणि क्रँक व रॉकर यांना जोडणारा कपलर हे तिचे चार घटक.

उदाहरणासाठी क्रँक ४० मिमी, कपलर ११० मिमी, रॉकर ९० मिमी आणि चौकटीवरील दोन स्थिर बिंदूंमधील अंतर १२० मिमी धरू. क्रँक पूर्ण फिरेल की मध्येच अडेल, हे ग्रासहोफच्या नियमाने कळते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दांडीची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. येथे ४० + १२० = १६० आणि ११० + ९० = २००, म्हणजे अट पूर्ण होते. सर्वांत लहान दांडी चौकटीला जोडलेली आहे, त्यामुळे ती पूर्ण फिरेल आणि रॉकर झुलेल.

रॉकर किती अंशांत झुलेल हेही साध्या त्रिकोणांतून मिळते. क्रँक आणि कपलर एका रेषेत ताणले गेले की त्यांची एकूण लांबी १५० मिमी होते. ९०, १२० आणि १५० हा काटकोन त्रिकोण असल्याने त्या क्षणी रॉकर चौकटीशी ९० अंशांत असतो. क्रँक आणि कपलर एकमेकांवर दुमडले की अंतर ११० – ४० = ७० मिमी उरते आणि रॉकरचा कोन सुमारे ३५.४ अंश होतो. म्हणजे रॉकर साधारण ५४.६ अंशांत झुलेल. इथपर्यंतचे सर्व काम चार रेघांच्या स्केचवर होते. त्यासाठी एकाही घन भागाची गरज नसते.

सांगाडा आणि भाग: दोन वेगळी स्केचेस

नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. यंत्रणा आखताना दोन प्रकारची स्केचेस लागतात आणि दोघांचे नियम एकमेकांच्या उलट असतात.

पहिले स्केच सांगाड्याचे. त्यात फक्त मध्यरेषा आणि सांधे असतात. सपाट यंत्रणेची मोकळीक मोजण्याचे सूत्र असे: दांड्यांच्या संख्येतून एक वजा करून तीनने गुणायचे आणि त्यातून प्रत्येक साध्या सांध्यामागे दोन वजा करायचे. चार दांड्या आणि चार सांधे असतील तर ३ × ३ – २ × ४ = १. म्हणून सांगाड्याच्या स्केचमध्ये एक मोकळीक उरलीच पाहिजे. ती उरली की क्रँकचे टोक माउसने धरून फिरवता येते. क्रँकच्या कोनाचेही माप देऊन टाकले तर यंत्रणा जागच्या जागी गोठते.

दुसरे स्केच प्रत्येक भागाच्या बाह्यरेषेचे. त्यात मोकळीक शून्य असावी लागते. एखादी कड मोकळी राहिली तर नंतर माप बदलताना ती भलतीकडे सरकते आणि भागाचा आकार बिघडतो. फ्रीकॅडमध्ये स्केच पूर्णपणे बांधले गेले की रेघा हिरव्या होतात.

कपलरची बाह्यरेषा कशी बांधली जाते?

दोन्ही टोके अर्धगोल असलेल्या पट्टीचा, म्हणजे स्लॉटच्या आकाराचा कपलर घेऊ. रुंदी २० मिमी, दोन भोकांतील अंतर ११० मिमी, भोकाचा व्यास ८ मिमी.

प्रत्येक वर्तुळखंडाला पाच मोकळिकी असतात: केंद्राच्या दोन, त्रिज्येची एक आणि दोन टोकांच्या कोनांच्या दोन. प्रत्येक रेघेला चार. दोन वर्तुळखंड आणि दोन रेघा मिळून १८ होतात. चारही जोडांवर टोके एकमेकांना चिकटवून स्पर्शिकेची अट घातली की प्रत्येक जोड तीन मोकळिकी काढून घेतो आणि ६ उरतात. दोन्ही त्रिज्या समान केल्या की ५. डावे केंद्र मूळबिंदूवर ठेवले की ३, उजवे केंद्र आडव्या अक्षावर ठेवले की २, अंतर ११० दिले की १ आणि त्रिज्या १० दिली की शून्य. भोकांची दोन वर्तुळे या केंद्रांवर बसवून त्यांचा व्यास समान ठेवला आणि ८ मिमी हे माप दिले की स्केच पूर्ण होते.

या सगळ्यात प्रत्यक्ष टाइप करावी लागणारी मापे तीनच आहेत: ११०, १० आणि ८. बाकीचे काम भूमितीच्या अटी करतात. उद्या कपलर ११५ मिमी करावा लागला, तर एकच आकडा बदलून भागणार असते.

बाह्यरेषा घन कशी होते?

स्केचला जाडी देण्याच्या आज्ञेला फ्रीकॅडमध्ये पॅड आणि बहुतेक इतर सॉफ्टवेअरमध्ये एक्स्ट्रूड म्हणतात. सॉफ्टवेअर आधी बंद वळसे शोधते. बाहेरचा वळसा म्हणजे भागाची सीमा आणि त्याच्या आतले वळसे म्हणजे भोके, असा अर्थ ते लावते. मग तो सपाट तुकडा त्याच्या प्रतलाला लंब दिशेने, समजा ६ मिमी, सरकवला जातो. प्रत्येक रेघेची सपाट बाजू होते आणि प्रत्येक वर्तुळखंडाची गोल बाजू होते. आपल्या कपलरला वरची व खालची मिळून २, बाहेरच्या कडेच्या ४ आणि भोकांच्या २ अशा ८ पृष्ठभागांची सीमा मिळते. सॉफ्टवेअरच्या स्मृतीत घन भाग साठवला जातो तो याच पृष्ठभागांच्या आणि कडांच्या नोंदीच्या रूपात.

इतर आज्ञाही याच तत्त्वावर चालतात. पॉकेट स्केचच्या आकाराचा खड्डा किंवा भोक कोरते. रिव्हॉल्व्ह अर्धी बाह्यरेषा अक्षाभोवती फिरवून पिन, बुश किंवा पुली बनवते, म्हणजे लेथवर जे होते त्याचे ते उलट रूप आहे. स्वीप एका आकाराला वाकड्या मार्गावरून नेते, उदाहरणार्थ वाकवलेली नळी. फिलेट आणि चॅम्फर मात्र बहुधा स्केचमध्ये न काढता घन भाग तयार झाल्यावर कडांना दिले जातात. त्यामुळे स्केच सुटसुटीत राहते.

घन भागामुळे नवी माहितीही मिळते. या कपलरचे क्षेत्रफळ सुमारे २,४१४ चौरस मिमी आणि ६ मिमी जाडीला घनफळ सुमारे १४.५ घन सेंमी होते. साध्या पोलादात त्याचे वजन जवळपास ११४ ग्रॅम भरेल आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये जेमतेम ३९ ग्रॅम. वेगाने झुलणाऱ्या भागासाठी हा फरक मोठा असतो, कारण तेवढा भार मोटरवर आणि सांध्यांवर प्रत्येक फेरीत येतो.

घन भाग का तयार होत नाही?

पॅडची आज्ञा चूक दाखवते तेव्हा कारण बहुतेक वेळा स्केचमध्ये असते.

वळसा उघडा असणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. दोन रेघांची टोके पडद्यावर चिकटलेली दिसतात, पण त्यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची फट असते. टोके जवळ असणे पुरेसे नाही, ती एकत्र असल्याची अट द्यावी लागते. फ्रीकॅडमध्ये अशा राहिलेल्या अटी शोधण्यासाठी स्केच तपासण्याचे वेगळे साधन आहे.

दुसरे कारण, रेघा एकमेकींना छेदणे किंवा एकावर एक दोनदा काढलेल्या असणे. अशा वेळी आत कोणते आणि बाहेर कोणते हे ठरवता येत नाही. तिसरे, मदतीसाठी काढलेली मध्यरेषा खऱ्या रेघेप्रमाणे राहून जाणे. तिला सहायक रेघ असे चिन्हांकित केले की सॉफ्टवेअर तिच्याकडे दुर्लक्ष करते.

चौथी चूक यंत्रणेच्या कामात विशेष दिसते. चारही दांड्यांच्या बाह्यरेषा एकाच स्केचमध्ये काढून एकदम जाडी दिली जाते. मग हलणारे चार भाग मिळण्याऐवजी न हलणारा एकच ठोकळा मिळतो किंवा आज्ञाच नाकारली जाते. प्रत्येक दांडी हा वेगळा भाग असला पाहिजे. सॉलिडवर्क्स आणि इन्व्हेंटरमध्ये सांगाड्यातील प्रत्येक दांडीचा स्केच-ब्लॉक करून त्या ब्लॉकपासून स्वतंत्र भाग बनवण्याची सोय आहे. फ्रीकॅडमध्ये प्रत्येक दांडीसाठी वेगळी बॉडी करतात आणि तिची मापे सांगाड्याच्या स्केचशी किंवा एका तक्त्याशी जोडतात.

आणखी एक सावधगिरी: नवे स्केच शक्यतो आधीच्या भागाच्या पृष्ठभागावर न बसवता मूळ प्रतलांवर बसवावे. आधीचा आकार बदलला की पृष्ठभागांची अंतर्गत नावे बदलतात आणि त्यांवर टेकलेली स्केचेस निखळतात. फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आहे, तरी ही सवय उपयोगीच पडते.

रेघांना न दिसणारी टक्कर

घन भागांची खरी कसोटी त्यांची जुळणी केल्यावर लागते. स्केचमध्ये सगळ्या रेघा एकाच प्रतलात असतात आणि एकमेकींतून खुशाल आरपार जातात. लोखंडी पट्ट्यांना ते जमत नाही, म्हणून त्यांना थर द्यावे लागतात. चौकट खाली, क्रँक आणि रॉकर मधल्या थरात, कपलर सर्वांत वर.

आपल्या उदाहरणात क्रँक आणि रॉकर एकाच थरात चालू शकतात. क्रँकचे टोक २० मिमी रुंदीच्या हिशोबाने मोटरच्या अक्षापासून ५० मिमीपर्यंत पोहोचते, तर रॉकरची कड त्या अक्षाच्या जवळपास ६० मिमीपेक्षा आत येत नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. क्रँक आणि कपलर दुमडले जातात तेव्हा कपलर बरोबर मोटरच्या अक्षावरून जातो. तिथे क्रँक घट्ट धरणारा नट असेल आणि तो क्रँकच्या पृष्ठभागाच्या वर आला असेल, तर प्रत्येक फेरीत एकदा कपलर त्याच्यावर आदळेल किंवा मोटर अडकेल. ग्रासहोफचा नियम पाळला गेला आहे, सांगाडा पडद्यावर सुरळीत फिरतो आहे, तरीही यंत्र चालणार नाही.

उपाय साधा आहे. क्रँक आणि कपलरच्या मध्ये नटाच्या उंचीपेक्षा जाड स्पेसर द्यायचा किंवा क्रँक अशा रीतीने बसवायची की वर काहीच डोकावणार नाही. पण ही अडचण पत्रा कापण्याआधी कळली तरच उपाय स्वस्त पडतो. त्यासाठी नट, पिन, वॉशर यांनाही घन रूपात जुळणीत ठेवून यंत्रणा पूर्ण एक फेरी फिरवून पाहावी लागते. फ्रीकॅड १.० मध्ये जुळणीचा विभाग अंगभूत आहे. त्यात चौकट स्थिर करून बाकीच्या सांध्यांना फिरता जोड देता येतो.

भोक आणि पिन यांतील फट

स्केचमध्ये पिन आणि भोक दोन्ही ८ मिमीचे काढले तरी जुळणी पडद्यावर बिनतक्रार फिरते. प्रत्यक्षात तेवढ्याच मापाची पिन भोकात फिरणार नाही. अचूक यंत्रकामात अशा फिरत्या जोडासाठी ८ मिमी भोकाला एच ७ आणि पिनला जी ६ ही सहनमर्यादा देतात. त्यानुसार भोक ८.००० ते ८.०१५ मिमी आणि पिन ७.९८६ ते ७.९९५ मिमी असते. म्हणजे किमान ०.००५ आणि कमाल ०.०२९ मिमी फट मिळते. थ्रीडी प्रिंटरवर एवढी अचूकता मिळत नसल्याने तिथे फट मिलिमीटरच्या दशांशांत ठेवावी लागते.

शेवटी भाग कसा बनवायचा यावर फाइलचा प्रकार ठरतो. पत्रा लेझरने कापायचा असेल तर डीएक्सएफ स्वरूपातील सपाट बाह्यरेषाच पुरते, कारण जाडी पत्र्यालाच असते. मिलिंगसाठी सामान्यतः स्टेप आणि थ्रीडी प्रिंटिंगसाठी एसटीएल फाइल देतात. भाग लेझरने कापायचा असला तरी घन प्रतिकृती करण्याचे कष्ट वाया जात नाहीत. बाह्यरेषा बरोबर आहे की नाही हे स्केच सांगते. पण चार भाग एकमेकांच्या वाटेत न येता फिरतील की नाही, हे सॉलिड जुळणीतच कळते.